तब्येत साथ देत नाही, नोकरी डळमळीत आहे: अर्धवेळ काम धरावं की भत्ता घ्यावा? ठाणे-नवी मुंबईतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बारा वर्षं पगारपत्रकं केली. ईएसआयचं मासिक चलन माझ्याच हातून जायचं. दुसऱ्यांच्या सिकच्या कागदांवर शिक्के मारता मारता माझ्याच बोटांचे सांधे सुजले आणि मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. आता ठाण्यात नौपाड्यात एका करसल्लागाराकडे अर्धा दिवस बसते. बिल्डिंगमध्ये, ट्रान्स-हार्बरच्या डब्यात, दवाखान्याच्या रांगेत तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

महाराष्ट्रात सरकार बेरोजगारांना महिन्याला पाच हजार देतं म्हणे. फॉर्म कुठे भरायचा?

असं काही नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी ती लिंक उघडू नका आणि आधारचा फोटो तर मुळीच टाकू नका. नोकरी गेली म्हणून शहरातल्या प्रत्येकाला दरमहा पैसे देणारी योजना आपल्या राज्यात नाही. तरुणांना प्रशिक्षण काळात विद्यावेतन देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पण तिला १८ ते ३५ ही वयाची अट आहे आणि रोज कामावर जावं लागतं. रोजगार हमीत काम न मिळाल्यास भत्ता मिळतो, पण तो ग्रामीण भागासाठी आहे. कळव्यात किंवा घणसोलीत राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मग लोक ‘भत्ता’ म्हणतात तो नक्की कुठला?

बहुतेक वेळा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा. पण ईएसआय ही एकच थैली आहे असं समजून लोक चुकतात. तिच्यात निदान चार वेगळे कप्पे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पहिला कप्पा आजारपणाचा रोख लाभ, ज्याला आपण ‘सिक’ म्हणतो. डॉक्टरने सिक लिहिली की सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतात, लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. आधीची सिक संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा लागली तर मात्र ते दोन दिवस कापत नाहीत.

दुसरा कप्पा लांबलेल्या आजारांचा. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, किडनी निकामी होणं, काही हृदयविकार, काही गंभीर मानसिक आजार अशी ३४ आजारांची ठरलेली यादी आहे. त्यातलं निदान असेल आणि आधीची दोन वर्षं सलग नोकरी व पुरेसं अंशदान (दरमहा भरलेली विम्याची वर्गणी) असेल, तर ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने पुढे मिळतं, कमाल दोन वर्षं. साधी पाठदुखी या यादीत बसत नाही. मणक्याची चकती सरकलेली असेल तर बसू शकते. म्हणून केसपेपरवर निदान काय शब्दांत लिहिलंय ते वाचत जा.

तिसरा कप्पा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेल्यावरची मदत ती हीच. १ जुलै २०१८ला सुरू झाली. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के होते, कोविडच्या वर्षात ५० टक्के केले. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. ही मुदतीची योजना आहे आणि सरकार मुदत वाढवत आलं आहे, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात ‘आज चालू आहे का’ एवढं विचारून घ्या.

चौथा कप्पा राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनचा. याचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि खरी गंमत इथेच आहे. कंपनी बंद पडली, कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने ४० टक्के वा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. वर उपचारही. तीन महिने आणि चोवीस महिने यांत किती अंतर आहे ते सांगायला नको. तरीही टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कंपनीला टाळं लागलं की लोक मोबाईलवर दिसला म्हणून अटलचाच अर्ज करून मोकळे होतात. टाळं लागलं असेल तर आधी राजीव गांधी विचारा.

मी ईएसआयमध्ये आहे की नाही हे कसं कळेल?

पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसेल. मालक आणखी ३.२५ टक्के घालतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना हे लागू होतं आणि महिना पगार ₹२१,००० पर्यंत असावा लागतो, अपंग कर्मचाऱ्याला ₹२५,००० पर्यंत. सहामाहीच्या मधे पगार वाढून मर्यादा ओलांडली तरी ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही आतच असता. कपात होते पण विमा नंबर दिलेला नाही, अशी माणसंही मला भेटली आहेत. अशा वेळी मालकाकडे नंबर मागा, लाजू नका. ते पैसे तुमच्या पगारातून गेलेत.

अटल योजनेत हातात किती पडतात?

गणित सोपं आहे, फक्त ७३० या आकड्यावर लोक अडखळतात. आधीच्या चार अंशदान कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घ्यायची आणि ७३० ने भागायची. जे येईल त्याचं निम्मं, गुणिले दिवस.

पगार ₹१८,००० असेल तर दोन वर्षांचे ₹४,३२,०००. भागिले ७३० म्हणजे रोजचे साधारण ₹५९२. निम्मे ₹२९६. नव्वद दिवसांचे साडेसव्वीस हजारांच्या थोडे वर. घोडबंदर रोडला वन रूम किचनचं भाडं देणाऱ्याचे यात फार तर दोन महिने निघतील, तेही किराणा न आणता. त्यामुळे ‘भत्ता मिळतोय तोवर काम कशाला’ असं म्हणणारा माणूस मला अजून प्रत्यक्ष भेटायचा आहे.

पात्रता अशी: निदान दोन वर्षं विमाधारक, नोकरी सुटली त्याच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात किमान ७८. अर्ज नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल, वयोमानाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही.

कामावर उभं राहवत नाही. साहेब म्हणतात, राजीनामा दे आणि आराम कर. देऊ का?

आज नको. मलाही हेच सांगितलं होतं आणि अगदी गोड आवाजात. चहा मागवला, कोरा कागद पुढे केला, ‘मॅडम, तब्येत आधी’ म्हणाले. मी दुसऱ्यांच्या पूर्णहिशेबाची पत्रकं बारा वर्षं केलेली, म्हणून पेन खाली ठेवलं. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईंनी सही केली होती. त्यांची ९१ दिवसांची सिक तशीच पडून होती. एक दिवससुद्धा वापरला नव्हता.

ईएसआयच्या आजारपणात, लाभ चालू असताना मालकाने कामावरून काढू नये असं संरक्षण कायद्यात आहे. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात की त्या संरक्षणाची गरजच उरत नाही, मालकाचं काम झालं. शिवाय बाहेर पडण्याचं कारण मालक पोर्टलवर नोंदवतो. तिथे ‘स्वतःहून सोडली’ असं पडलं की अटल योजनेच्या खिडकीवर वाद सुरू. आधी ईएसआय दवाखान्यात जा, सिक लिहून घ्या, घरी बसा, डोकं शांत झाल्यावर ठरवा. राजीनामा काय, पुढच्या महिन्यातही देता येतो.

यातही एक खाचखळगा आहे. सिकच्या बिनपगारी दिवसांचं अंशदान जमा होत नाही. तीन महिने सिकवर काढले आणि त्याच सहामाहीत नोकरी गेली, तर वर सांगितलेले ७८ दिवस भरतीलच असं नाही. अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे चालतात. लांबची सिक लावण्याआधी या सहामाहीत किती दिवस भरलेत ते पोर्टलवर बघून घ्या. पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्याने हातचा लाभ गेलेले लोक मी पाहिलेत.

आणि आधीच सही करून बसला असाल तरी सगळं संपत नाही. कायद्याच्या भाषेत ‘विमाधारक’ म्हणजे जो कामगार आहे किंवा होता. आधीच्या सहामाहीत भरलेल्या अंशदानावर ठरलेला लाभ कालावधी चालू असेल तोवर उपचार आणि सिक विचारायला जाच.

सिकवर असताना रोज दोन तास दुकानात बसलं तर?

ज्या दिवशी मजुरी घेतलीत त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही. इथे तासांचा हिशेब नसतो, दिवसाचा असतो. दोन तास बसून ₹१५० मिळाले आणि दिवसाचे ₹४२० गेले, तर व्यवहार कसला झाला? लाभ घेताना आपण उपचार चालू ठेवतो, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करत नाही, हेही कबूल केलेलं असतं. खोटी माहिती देऊन पैसे घेतल्याचं निघालं तर वसुली आणि खटला दोन्ही. आता तर पगार यूपीआयवर येतो, त्यामुळे पुरावा तुमच्याच मोबाईलमध्ये असतो.

बरं वाटतंय, जाऊन बघू, असं म्हणून मधेच दोन दिवस कामावर जाणारेही असतात. जायचं असेल तर रीतसर ‘फिट’ लिहून घ्या आणि जा. नाही जमलं तर पंधरा दिवसांच्या आत परत सिक लावा.

अर्धवेळ काम धरलं तर भत्ता कमी होतो की बंद होतो?

बंद होतो. परदेशात राहणारा भाचा किंवा दीर सांगतो ना, की तिकडे थोडं कमावलं तर भत्त्यातून थोडं वजा करतात? तशी उतरती शिडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे उंबरठा आहे. एक पाय घरात, एक बाहेर असं उभं राहता येत नाही.

अटल योजनेत तर नियम असा की एकापेक्षा जास्त मालकांकडे ईएसआयत नोंद असेल तर सगळ्यांकडचं काम सुटल्यावरच तुम्ही बेरोजगार ठरता. कारखान्यातली नोकरी गेली, पण रविवारी ज्या मॉलमध्ये जाता तिथे ईएसआय कापतात, तर तुम्ही बेरोजगार नाही. राजीव गांधी योजनेतही काम लागलं की भत्ता थांबतो. आणि एकाच दिवसासाठी दोन रोख लाभ मिळत नाहीत. सिक आणि अटल एकत्र नाहीच. कामावरच्या अपघातामुळे आधीपासून मिळणारी कायम अपंगत्वाची नियमित रक्कम तेवढी अटलसोबत चालू राहते.

म्हणून प्रश्न ‘हे की ते’ असा मांडलात की डोकं फिरतं. ‘आधी काय, मग काय’ असा मांडा.

मला बाहेर ₹९,००० चं अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय. घेऊ की सिकवर राहू?

तुमचा आताचा पगार ₹१८,००० धरू. ढोबळमानाने रोजचे ₹६००, त्याचे ७० टक्के ₹४२०, महिन्याचे ₹१२,६००. म्हणजे घरी राहून उपचार घेत जे मिळेल ते त्या अर्ध्या दिवसाच्या पगाराहून जास्त आहे. त्यात ठाण्याच्या पुलावरची चेंगराचेंगरी नाही, रिक्षा नाही, बाहेरचा वडापाव नाही. पैशाच्या बाजूने पाहिलं तर पहिले ९१ दिवस सिकच. मी तरी तेच केलं.

पण ९१ दिवस म्हणजे तीन महिने आणि संधिवातासारखा, मणक्यासारखा, डायलिसिससारखा आजार तीन महिन्यांत आवरत नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते ₹९,००० चं काम वाट बघत थांबलेलं नसतं. माझा अनुभव सांगते: दुसरा महिना संपतानाच मी चौकशी सुरू केली. काम धरलं नाही, नुसतं बोलून ठेवलं. ‘पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपासून येईन, साडेदहा ते दोन, जिना चढायला लावू नका.’ मालकाने होकार दिला, कारण ईएसआयचं चलन भरणारं माणूस अर्ध्या पगारात मिळत होतं. त्यालाही हिशेब कळतो.

आधी स्वतःच्याच कंपनीत अर्धा दिवस मागून बघा. हे लोक विसरतात. ओळखीचं काम, ओळखीची माणसं, आणि विमा नंबरला खंड नाही.

आठवड्यातले तीन पूर्ण दिवस बरे की रोज अर्धा दिवस?

रोज अर्धा दिवस, शक्य असेल तर.

सिकच्या लाभासाठी सहामाहीत ७८ दिवसांचं अंशदान लागतं. सहामाहीत आठवडे २६. आठवड्याला तीन दिवस धरले तर २६ गुणिले ३ बरोबर ७८. एकही दिवस हातात उरत नाही. एकदा ताप आला, एकदा पाऊस तुंबून गाड्या बंद पडल्या, की पुढच्या लाभ कालावधीत तुमची सिक शून्य. उलट रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे १५६ दिवस. निम्मे दिवस आजारपणात गेले तरी काठावर का होईना, बसता. ईएसआय तास मोजत नाही, पगाराचे दिवस मोजतं. पगारी सुट्टीही त्यात धरतात.

आता दुसरी बाजूही आहे. प्रवासच त्रासदायक असेल, अंबरनाथहून तुर्भ्याला यायचं असेल, तर रोज अर्ध्या दिवसासाठी दोन गाड्या बदलणं म्हणजे कामापेक्षा जाण्यायेण्यातच जास्त दमणं. अशा वेळी चार दिवस मागा, तीन नको. चार म्हणजे १०४.

अर्धवेळ पगारामुळे पुढे मिळणारा भत्ता कमी होईल ना?

होईल, पण वाटतो तेवढा नाही. अठरा महिने ₹१८,००० आणि शेवटचे सहा महिने ₹९,००० कमावलेत असं धरा. एकूण ₹३,७८,०००. भागिले ७३०, निम्मे, गुणिले ९०. साधारण ₹२३,३००. पूर्ण पगारावर साडेसव्वीस हजारांवर होते. सव्वातीन हजारांच्या फरकासाठी सहा महिन्यांचे ₹५४,००० सोडायचे नसतात.

सिकचं मात्र वेगळं. तिथे लगतच्या एकाच सहामाहीचा पगार बघतात. ₹९,००० वर रोजचे ₹२१० येतील. म्हणून शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर ती जुन्या पगाराच्या लाभ कालावधीत उरकून घ्या. एप्रिल ते सप्टेंबरच्या पगारावर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो, ऑक्टोबर ते मार्चच्या पगारावर जुलै ते डिसेंबरचा. म्हणजे अर्धवेळ झाल्यावरही काही महिने जुन्याच पगाराचा दर चालतो. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घ्या आणि बोटाने मोजा. मी तसंच केलं होतं, तेही सुजलेल्या बोटाने.

ईएसआय नसलेलं काम धरायचं का? पोळ्या, शिकवण्या, डिलिव्हरी?

पगाराचा आकडा बघण्याआधी स्वतःची औषधं बघा. महिन्याला चार-पाच हजारांची औषधं, दर तिमाहीला तपासण्या असतील तर ₹१०,००० चं ईएसआयवालं काम हे ₹१४,००० च्या बिनईएसआय कामाहून भारी पडतं. त्यात कुटुंबाचेही उपचार येतात. वाशीच्या कामगार रुग्णालयात रांग आहे, कधी औषध संपलेलं असतं, ‘परवा या’ होतं, हे सगळं मान्य. तरी खाजगी रुग्णालयाच्या बिलापुढे ती रांग मला परवडते.

अर्धवेळ कामगारालाही ईएसआय लागू होतं. ‘तू फुलटायमर नाहीस म्हणून नाव घातलं नाही’ ही सबब आहे.

काम घरगुतीच असेल तर शिधापत्रिका शोधून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ₹५ लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात. पण ते प्रामुख्याने दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी. दर महिन्याच्या गोळ्या त्यातून सुटत नाहीत. डिलिव्हरीवाल्यांनी ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी.

माझा पगार ₹४०,००० होता, ऐरोलीत आयटी पार्कमध्ये. मला काय?

वर लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. तुमच्यासाठी भत्ता म्हणजे नोटीस पगार, उरलेल्या रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि पीएफ. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांची अट नसते.

सगळ्यात आधी मेडिक्लेम. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवसासोबत संपतो. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा जो काळ भरलाय तो मोजला जातो. नंतर कोरी पॉलिसी घ्यायला गेलात तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. आजारी माणसाने घर बदलावं, शहर बदलावं, पण विम्यात खंड पाडू नये.

आणि हो, कमी पगाराचं अर्धवेळ काम धरलंत आणि तो पगार ₹२१,००० च्या आत आला, तर तुम्हीही ईएसआयमध्ये याल. आमच्याच ऑफिसात एक गृहस्थ आहेत, पूर्वी मॅनेजर होते. पहिल्यांदा पहचान कार्ड हातात आलं तेव्हा ओशाळले. बायकोची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यावर झाली, मग ते कार्ड पाकिटात पुढच्या कप्प्यात आलं.

पीएफ मोडून हे महिने काढू का?

मोडायचाच तर सगळ्यात शेवटी. आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते, खातं बंद करावं लागत नाही. पाच वर्षांच्या आत खातं मोडलं तर एरवी कर लागतो, मात्र तब्येतीमुळे नोकरी संपली असेल तर ती रक्कम करमुक्त धरली जाते. ही सवलत फार जणांना ठाऊक नसते. नोकरी संपल्याच्या पत्रात ‘आरोग्याच्या कारणास्तव’ हे शब्द असणं त्यासाठी उपयोगी पडतं. आमच्या करसल्लागारांकडे असं पत्र नसलेले लोक येतात आणि दोन-दोन तास बसतात.

कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं असेल तर पेन्शन योजनेत अपंगत्वाचं पेन्शन आहे, त्याला दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याचं अंशदानही पुरतं. पण अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं लागतं. राजीनाम्याची घाई नको, त्याचं हे आणखी एक कारण.

संजय गांधी निराधार योजना आणि लाडकी बहीण दोन्ही मिळतील का?

संजय गांधी योजनेत गंभीर आजारी व अपंग व्यक्तींना मदत मिळते, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की कुणी एक जण धड नोकरी करत असेल तर बसत नाही. अर्ज तहसील कार्यालयात. ती मिळत असेल आणि रक्कम ₹१,५०० किंवा वर असेल तर लाडकी बहीण मिळत नाही. दोन्हींत नाव घालून बघू, असं करू नका. पुढे वसुलीची नोटीस आली की ती फेडायला पुन्हा आजारी माणूसच.

क्षयरोग असेल तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा ₹१,००० खात्यात येतात, तुम्ही काम करत असा वा नसा. हा उंबरठ्याबाहेरचा पैसा आहे. दवाखान्यात नोंदणी करतानाच बँक खातं द्या.

मी एपीएमसीत माथाडी आहे.

तुमचा कारभार माथाडी मंडळाकडे. १९६९ च्या कायद्याने पगार, पीएफ, उपचार सगळं तिथूनच. वरचे ईएसआयचे आकडे तुम्हाला लावू नका, मंडळाच्या कार्यालयात विचारा.

मुलाखतीत आजार सांगावा का?

निदान सांगू नका, गरज सांगा. ‘मला संधिवात आहे’ म्हटलं की समोरचा माणूस त्याच्या आत्याची गोष्ट सांगतो आणि नोकरी दुसऱ्याला देतो. ‘मी सकाळी साडेदहाच्या आधी येऊ शकत नाही आणि महिन्यातून एक मंगळवार नसेन’ म्हटलं की तो कॅलेंडर बघतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर मात्र आधीच दाखवा, ईएसआयची वाढीव पगारमर्यादा त्यावरच मिळते. जड उचलण्याचं, मशीनवरचं किंवा गाडी चालवण्याचं काम असेल आणि तुम्हाला फिट्स येत असतील, चक्कर येत असेल, तर स्पष्टच सांगा. तिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

शाखा कार्यालयात जाताना काय न्यायचं?

आधार, विमा नंबरचं पहचान कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, नोकरी संपल्याचं पत्र, शेवटच्या तीन-चार पगाराच्या चिठ्ठ्या. अटलसाठी ऑनलाइन भरलेल्या अर्जाची सही केलेली प्रत. त्यातली वाक्यं वाचून मगच सही करा, कारण ‘या काळात मी बेरोजगार होतो’ हे तुम्ही लिहून देत असता. सिकसाठी ईएसआय डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी असेल तर ती आधी ईएसआय डॉक्टरकडून मान्य करून घ्यावी लागते. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज याच एका कारणाने परत येताना मी पाहिले आहेत.

शक्यतो सोमवार टाळा. आणि जो कागद द्याल त्याची पोच घ्या. ‘ऑनलाइन दिसतंय, पोच कशाला’ असं खिडकीवरून म्हणतील. तरी घ्या.